अंदमानच्या कांदळवनात: परवानगीपासून पाकळीपर्यंत

पीएचडीसाठी अंदमान निवडलं तेव्हा घरच्यांनी पहिल्यांदा विचारलं, "आपल्या रत्नागिरीच्या खाड्यांत कांदळ कमी आहे का?" कमी नाही. पण २६ डिसेंबर २००४ च्या भूकंपाने अंदमानात जे केलं, ते इथे झालेलं नाही. पोर्ट ब्लेअरच्या आसपासची जमीन सुमारे एक मीटर खचली, उत्तर अंदमानचे किनारे वर उचलले गेले. सिप्पीघाटच्या भातशेतीत खारं पाणी शिरलं आणि तिथेच राहिलं. अशा खचलेल्या जमिनीवर कोणतं कांदळ रुजतं आणि त्याच्या मागोमाग कोणते खेकडे येतात, हा माझा विषय.

आधी कागद. वन खात्याकडे अर्ज करताना कुठल्या खाडीत, कुठल्या महिन्यांत, किती फांद्या, किती खेकडे हे आकड्यांत लिहा. "गरजेनुसार" हा शब्द टाळा. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या याद्या शेजारी ठेवूनच नमुन्यांची यादी करा, कारण प्रवाळ आणि बरेच शंख त्यात आहेत. किनाऱ्यावर पडलेला रिकामा शंखसुद्धा खिशात घालायचा नाही, फोटो काढायचा. आदिवासींसाठी राखलेला भाग १९५६ च्या विनियमानुसार बंद आहे. उपग्रहाच्या चित्रात तिथलं कांदळ फार देखणं दिसतं, पण तिकडे जायचं नाही आणि ते योग्यच आहे.

परवाना हातात आला की वेळापत्रक समुद्राचं. उधाणाच्या, म्हणजे मोठ्या भरती-ओहोटीच्या दिवसांतच चिखल पुरेसा उघडा पडतो, भांगाच्या, म्हणजे लहान भरती-ओहोटीच्या दिवसांत घरी बसून नोंदी साफ करायच्या. त्यात हे बेट इतकं पूर्वेला की डिसेंबरात पाचच्या सुमारास सूर्य मावळतो. ओहोटी दुपार कलल्यावर लागली, तर दोर ताणून मोजणीची चौकट आखेपर्यंत उजेड जातो. खाऱ्या पाण्यातल्या मगरी याच खाड्यांत असतात. आमचे डोंगीवाले दादा आधी किनारा न्याहाळायचे, मग म्हणायचे, "उतरो." त्यांनी नाही म्हटलं, तर त्या दिवशी काम नाही. यावर मी कधी वाद घातला नाही.

झाडं मोजणं तसं सोपं. एरवी खोडाचा घेर १.३ मीटर उंचीवर घेतात, पण ऱ्हायझोफोरा या वंशातल्या कांदळाच्या आधारमुळ्या कधी त्याच्याही वरून फुटतात. म्हणून सर्वांत वरच्या मुळीच्या ३० सेंटिमीटर वर फीत लावायची. मुळ्यांवर चढून, एका हाताने फांदी धरून, दुसऱ्याने फीत. वही सांभाळायला तिसरा हात लागतो, तेव्हा सोबती हवाच.

खेकड्यांना पावलांचा दणका चालत नाही. चौकट ठेवायची, लांब जाऊन बसायचं आणि दुर्बिणीतून बघायचं. आधी निवट्या, म्हणजे चिखलात उड्या मारणारे छोटे मासे, परततात, मग एकेक नांगा बिळाबाहेर येतो. बिळं मोजून भागवायचा मोह होतो, पण काही बिळं रिकामी असतात आणि एकाच खेकड्याची दोनही असू शकतात. वाळूमाश्या चावत असताना हलायचं नाही, हे मात्र कुठल्याच पुस्तकात नव्हतं.

सगळ्यांत जास्त वेळ गेला तो नावं ठरवण्यात. ऱ्हायझोफोराची पानं जाड, हवा दमट. दाबलेल्या नमुन्याचे कागद रोज बदलले नाहीत तर बुरशी धरते. झाडावरच वाढणारं लांब शेंगेसारखं रोप दाबलं जात नाही, ते उभं चिरून वेगळं वाळवावं लागतं. एवढं करूनही नुसत्या पानावरून जात ठरत नाही, फूल लागतं. ऱ्हायझोफोरा एपिक्युलाटा या जातीच्या देठावर दोनच फुलं आणि पाकळ्या गुळगुळीत. म्युक्रोनाटाच्या पाकळ्यांना केस. स्टायलोसाच्याही केसाळ, पण तिचा कुक्षीवृंत (फुलातल्या स्त्रीकेसराचा दांडा) लांब. त्यात या जाती आपसात संकर करतात. एपिक्युलाटा आणि म्युक्रोनाटाचा संकर तमिळनाडूतल्या पिचावरमहून नोंदलेला आहेच. काही झाडांवर दोन्हींची लक्षणं दिसली, तेव्हा परागकण सूक्ष्मदर्शकाखाली घातले. संकराचे परागकण बहुधा वांझ निघतात. त्यासाठी बहराची वाट बघणं आलं. मार्गदर्शक वैतागले, पण फुलाशिवाय मी नाव लिहिलं नाही.

खेकड्यांत नराचा मोठा नांगा बघून अंदाज येतो, खात्री त्याच्या पोटाखालच्या जननांगाच्या टोकावरून करतात. ते बघायचं सूक्ष्मदर्शकाखाली, अल्कोहोलमधला नमुना उलटा धरून. बरं, जात पटली तरी नाव पक्कं नाही. एका मोठ्या नांग्याचे हे सगळे (फिडलर) खेकडे पूर्वी ऊका या एकाच वंशात होते. २०१६ साली तो फोडून अनेक वंश केले गेले. जुन्या याद्या आणि बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या अजून ऊकाच म्हणतात. तुलना करायची तर त्या फेकून देता येत नाहीत, म्हणून माझ्या तक्त्यात प्रत्येक खेकड्यापुढे जुन्या आणि नव्या नावाचे दोन रकाने आहेत.