आमची वाटचाल : पडवीतलं मिलिंग मशीन आणि एक खड्डा

चिपळूणात घराच्या पडवीत आमचं मिलिंग मशीन आहे, धातू कापून आकार देणारं, पंजाबातल्या बटाल्याचं, सेकंडहँड घेतलेलं. सुरुवातीला एक पार्टनर होता, हात चांगला पण घाई फार. एकदा फ्लँजला आरपार भोक मारताना खाली काही घातलंच नाही आणि १० एमएमचं ड्रिल सरळ मशीनच्या टेबलात गेलं. तो खड्डा अजून आहे, टेबल पुसताना माझं बोट तिथंच अडकतं. तो म्हणाला, "टेबलच तर आहे." तिथूनच आमचं फाटलं.

त्यानंतर मी टेबलावर १२ एमएमची ॲल्युमिनियम प्लेट टी-नटने (टेबलाच्या उलट्या T आकाराच्या खाचांत, म्हणजे टी-स्लॉटमध्ये बसणाऱ्या नटने) आवळली आणि त्याच मशीनवर वरून हलका कट मारून सरळ करून घेतली, आता भोक पडायचं तर प्लेटला पडू दे. कोकणात एमडीएफ लावू नका, पावसात फुगतो, ओल धरतो आणि खाली टेबल गंजतं. ॲल्युमिनियमची असली तरी पावसाळ्यात दर आठवड्याला उचलून, पुसून ऑइल लावा. आणि स्टड, म्हणजे टी-नटमधला आट्यांचा दांडा, नटच्या खाली येऊ देऊ नका, तो स्लॉटच्या तळाला टेकला की आवळताना वरची कड तुटते, टेबल बिडाचं असतं.

मग २२ जुलै २०२१. वाशिष्ठीचं पाणी पडवीत छातीभर. ओसरल्यावर बघतो तर टी-स्लॉट चिखलाने गच्च. बांबूच्या कामटीने एकेक स्लॉट कोरला, गोड्या पाण्याने धुतला, लगेच पुसून घासलेट, मग ऑइल. गंजावर ग्राइंडर लावला नाही, ऑइलस्टोनने (धार लावायच्या दगडाने) वर आलेले कण तेवढे उतरवले. मोटर रिवाइंडिंगला गेली, पैसे उसने घेतले, बायकोचे दागिने गहाण पडले. सगळं बसवून डायल (उंचसखलपणा मोजायचं घड्याळ) फिरवला तेव्हा टेबलाच्या पूर्ण लांबीत ०.०२ एमएम फरक, पुराआधी होता तेवढाच.

तोवर जुन्या पार्टनरने लोटे एमआयडीसीतल्या एका कंपनीत सांगून ठेवलं होतं, "त्याचं मशीन पुरात गेलं, आता साइज मिळणार नाही." आमचं काम त्याला गेलं. एकानेही येऊन डायल लावून बघितला नाही, हे मला आजही टोचतं.

फक्त दाभोळचे नाना थांबले. त्यांच्या होडीचा ३५ एमएमचा शाफ्ट, त्याला १० एमएमचा कीवे, म्हणजे की नावाची पट्टी बसायची खाच, मारायचा होता. १ ऑगस्टला मासेमारीची पावसाळी बंदी उठली, बाकीच्या होड्या समुद्रात गेल्या, मी म्हटलं नाना दुसरीकडे करून घ्या. ते म्हणाले, "नारळी पुनवेपर्यंत बघतो, तुझ्याकडेच करणार."

पुनवेच्या आदल्या दिवशी मोटर फिरली. प्लेटवर व्ही-ब्लॉक (V खाचेचा ठोकळा), त्यात शाफ्ट, क्लॅम्पखाली तांब्याची पट्टी, ५ एमएम खोली थोडी थोडी करत. नाना शेजारी स्टुलावर बसून होते. कीची पट्टी हाताने दाबली तशी गच्च बसली, त्यांनी शाफ्ट गोणपाटात गुंडाळला आणि शेवटची एसटी पकडली.