काळा रंग आणि गप्प सायलेन्सर

मंगळवार, रात्री

गाडी आली, पूजा झाली, पेढे वाटून झाले, नंबर प्लेटही लागली. घरच्यांच्या लेखी विषय संपला. माझ्या लेखी तो आत्ता कुठे सुरू झालाय.

फोक्सवॅगनची व्हर्टस जीटी. दीड लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन, 150 पीएस, 250 न्यूटन मीटर, रंग काळा. चाकणला बनते, म्हणजे तशी आमच्या गावचीच. खरे गाडीवेडे नाक मुरडतील की याला परफॉर्मन्स कार म्हणायचं का. मुरडू देत. इतकी वर्षं साधी हॅचबॅक हाकलेल्या माणसाची पाठ सीटला टेकते तेव्हा व्याख्येचं कोणाला पडलंय!

हौसेसाठी लाखभर रुपये बाजूला ठेवलेत. त्यात दोन दावेदार आहेत, एक्झॉस्ट आणि रंगावरचं संरक्षण. दोन्ही एवढ्यात बसणार नाहीत. बायको म्हणाली, "नवी गाडी आहे ना? मग तिला लगेच काय करायचंय?" याचं उत्तर नवरे लोकांकडे नसतं. मी पाणी प्यायला उठलो.

बुधवार

ऑफिसातून लवकर सटकून एका एक्झॉस्टवाल्याकडे गेलो. नाना पेठेत स्पेअर पार्ट्स घ्यायला जाणाऱ्या मित्राने पत्ता दिला होता. शेड बारकी, पण माणूस हुशार. वेल्डिंगची रेघ बघूनच कळलं, टिगवर हात बसलाय.

त्याने तीन पर्याय मांडले. फक्त मागचा मफलर, म्हणजे सायलेन्सर, बदलायचा, तो अ‍ॅक्सल-बॅक. धुरातले विषारी वायू कमी करणाऱ्या कॅटालिटिक कन्व्हर्टरनंतरची, शेपटीपर्यंतची अख्खी पाइपलाइन बदलायची, ते कॅट-बॅक. आणि तिसरा, जो त्याने जरा आवाज खाली घेऊन सांगितला, तो डाउनपाइप, टर्बोला लागून असलेला पाइप. त्यात कन्व्हर्टरच काढून टाकतात. तिसऱ्याचं नाव मी तिथेच कापलं. कन्व्हर्टर गेला की ओ2 सेन्सर बोंब मारतो, डॅशबोर्डवर इंजिनचा पिवळा दिवा लागतो, तो विझवायला ईसीयूत, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरमध्ये, खाडाखोड, आणि वॉरंटीचं काय ते सांगायलाच नको. धूर तर सगळ्या गल्लीने खायचा.

"कॅट-बॅकने दहा-बारा बीएचपी वाढतात सर."

"डायनोचा, म्हणजे ताकद मोजणाऱ्या मशीनचा, कागद आहे का?"

"कागद नाही, पण फील येतो सर."

फील येणारच. आवाज वाढला की वेग वाढल्यासारखा वाटतो, हा माणसाच्या कानाचा जुना खेळ. टर्बो गाडीत एक्झॉस्टचा वायू आधी टर्बाइनवर आपटतो, तिथेच त्याचा बराचसा जोर आणि आवाज खर्ची पडतो. अडचणीची जागा टर्बाइनच्या लगेच पुढे, डाउनपाइप आणि कन्व्हर्टरमध्ये. त्यांना हात न लावता शेपटीकडचा मफलर मोकळा केला तर ताकद वाढते ती नावापुरती. म्हणजे मी पैसे मोजणार ते आवाजाचे. त्यात वाईट काही नाही, फक्त पावतीवर बीएचपी लिहू नये एवढंच.

स्टेनलेस स्टीलच्या ग्रेडचीही गंमत झाली. "304 आहे सर, बघा," म्हणून त्याने पाइपला लोहचुंबक लावून दाखवलं. चिकटलं नाही. पण 202 ग्रेडलाही ते चिकटत नाही. निकेल कमी आणि मँगनीज जास्त घातलेलं हे स्वस्त स्टील, जिन्याच्या रेलिंगला वापरतात ते. एक्झॉस्टच्या उष्णतेत आणि आपल्या पावसाळ्यात ते 304 च्या मानाने फार लवकर गंजतं. चुंबकाने 409 ओळखता येतं, कारण त्या ग्रेडला ते चिकटतं; 202 नाही. त्याला मँगनीज दाखवणारं थेंबांचं टेस्टिंग सोल्यूशन लागतं, भंगारवाल्यांकडे असतं तसलं. मी हे म्हटल्यावर तो हसला आणि चहा सांगितला. हसण्याचा अर्थ मी विचारला नाही.

गुरुवार

सकाळी एआरएआयच्या टेकडीवर फिरायला गेलो. इथल्याच संस्थेत गाड्या तपासून प्रमाणित होतात आणि आपण त्याच चढावर धापा टाकत काय काय बेत करतो.

आवाजाची चाचणी मोठी छान असते. गाडी साधारण ताशी 50 किलोमीटरने आणायची, वीस मीटरच्या पट्ट्यात शिरताच अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबायचा, आणि मधल्या रेषेपासून साडेसात मीटरवर दोन्ही बाजूंना मायक्रोफोन. आपल्याकडे प्रवासी कारसाठी मर्यादा आहे 74 डेसिबल. मफलर बदलला की हे प्रमाणपत्र माझ्या गाडीचं राहत नाही, शोरूममधल्या गाडीचं राहतं.

कायदाही चाळला. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 मूळ रचनेत मनाने बदल करू देत नाही, आणि 2019 च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानेही ते ठणकावून सांगितलं. 182अ खाली प्रत्येक बदलामागे पाच हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. आवाज-प्रदूषणाचं कलम 190 वेगळं, ते दहा हजारांपर्यंत जातं. पुण्यात पोलीस बुलेटचे फटाका सायलेन्सर काढून घेतात आणि रस्त्यावर ओळीने मांडून त्यांवर रोलर फिरवतात. त्याचे व्हिडिओ मी चवीने बघितलेत. उद्या त्या ओळीत आपली नळी असेल तर चव बदलेल.

शनिवार

आज निकाल लागला. कॉलेजातला मित्र हीच गाडी वर्षभर वापरतोय आणि त्याने कॅट-बॅक बसवलंय. पहाटे त्याच्याबरोबर लोणावळ्यापर्यंत जाऊन आलो.

आधी चांगलं सांगतो. देहू रोडच्या पुढे मोकळा रस्ता मिळाला, त्याने गिअर खाली टाकला आणि काटा पाच हजारांवर गेला तेव्हा अंगावर काटा आला. खर्जातून वर चढत जाणारा भरीव स्वर, कुठे फाटलेला नाही, गिअर बदलताना एक छोटी थाप. कंपनीचा सायलेन्सर हे सगळं गिळून टाकतो. मला ते हवंय. खोटं कशाला बोलू?

मग एक्स्प्रेस-वेला लागलो. ताशी 100, सगळ्यात वरचा गिअर, इंजिन दोन हजारांच्या आसपास. आणि गाडीत एक घुमणं सुरू झालं. कानाला फारसं ऐकू येत नव्हतं, छातीत आणि सीटखाली जाणवत होतं. मित्राने रेडिओ वाढवला. म्हणाला, "सवय होते रे."

घरी आल्यावर कागद-पेन घेऊन बसलो, कारण डोकं अजून घुमत होतं. या इंजिनात हलक्या भारावर मधले दोन सिलिंडर, दोन आणि तीन नंबरचे, बंद पडतात. पेट्रोल वाचतं. चार सिलिंडर चालू असताना इंजिनच्या प्रत्येक फेऱ्यात दोन स्फोट होतात, म्हणजे दोन हजार आरपीएमला सेकंदाला सदुसष्ट. दोन सिलिंडर बंद झाले की निम्मे, तेहतीस. 33 हर्ट्झ हा स्वर ऐकायचा कमी आणि सोसायचा जास्त. कंपनीने मफलर असा बनवलाय की हे घुमणं तिथेच मरतं. बाजारातला मोकळा मफलर बहुतेक वेळा चार सिलिंडरांचा आवाज डोक्यात ठेवून बनवलेला असतो.

यावर इलाज म्हणून मुख्य पाइपला एक आंधळी, म्हणजे एका टोकाला बंद, नळी जोडतात. तिची लांबी ध्वनिलहरीच्या एक चतुर्थांश ठेवली की परत येणारी लहर मूळ लहरीला मारते. तापलेल्या वायूत आवाजाचा वेग सेकंदाला पाचशे मीटर धरला, तर 33 हर्ट्झसाठी नळी लागते पावणेचार मीटरची. माझी अख्खी गाडी साडेचार मीटरची! बसवायची कुठे, टपावर? फोनवरून एक्झॉस्टवाल्याला विचारलं, तर म्हणाला, कोडिंग करून सिलिंडर बंद होणंच बंद करू. म्हणजे आवाज नीट यावा म्हणून मायलेज सोडायचं आणि सर्व्हिस सेंटरला तोंड लपवून जायचं. नको बाबा. हे इंजिनच या छंदाचं नाही. दुसरी एखादी गाडी असती तर मी व्हॉल्व्हवाला एक्झॉस्ट नक्की लावला असता, गावात बंद आणि घाटात उघडा, आणि दंडाची कलमं विसरायचा प्रयत्न केला असता.

रविवार

काळा रंग उन्हात उभा केला आणि पोटात गोळा आला. बॉनेटवर कोळ्याच्या जाळ्यासारखे गोल गोल बारीक चरे. नव्या गाडीवर! डिलिव्हरीच्या दिवशी शोरूमवाल्यांनी प्रेमाने धुऊन, तितक्याच प्रेमाने मळक्या फडक्याने पुसली, त्याचा हा प्रसाद. वर "टेफ्लॉन करून देऊ का सर?" हेही त्यांनीच विचारलं होतं.

पण शोरूमने एकदाच पुसली. सोसायटीत गाड्या पुसणारे काका रोज पुसतात. एक बादली, एक फडकं, चाळीस गाड्या. पहिल्या गाडीची धूळ चाळिसाव्या गाडीला घासली जाते, आणि धुळीत वाळू असतेच. स्टुडिओवाले 9एच कडकपणाचं सिरॅमिक कोटिंग विकतात, पण ते 9एच पेन्सिलींच्या मापातलं. वाळूतली गारगोटी ते मानत नाही. म्हणजे पन्नास हजारांचं काहीही लावलं तरी त्याचा सामना त्या फडक्याशी.

खाली जाऊन काकांना म्हटलं, "काका, आपली गाडी उद्यापासून पुसू नका."

त्यांचा चेहरा उतरला. "साहेब, माझं काय चुकलं का?"

"नाही हो. काळा रंग आहे, चरे पडतात. मी रविवारी स्वतः धुईन. तुम्ही चाकं आणि आतलं बघा, पैसे तेवढेच."

त्यांनी बॉनेटकडे बघितलं, मग माझ्याकडे. "पुसल्यावर चकाकते की," म्हणाले. खरंच चकाकते. चरे दिसायला तिरपं ऊन लागतं आणि ते येतं तोवर काका दुसऱ्या सोसायटीत असतात. शेवटी तयार झाले, पण फुकटचे पैसे घेतल्यासारखं त्यांना वाटत असणार. परवा सवयीने पुसून ठेवतील अशी माझी खात्री आहे.

सोमवार

बाणेरच्या एका डिटेलिंग स्टुडिओत अर्धा दिवस बसलो. आधी मुलाने रंगाची जाडी मोजली. बॉनेट 112 मायक्रॉन, छत 108, दरवाजे 115 ते 120. कुठे दोनशेच्या वर आकडा आला असता तर यार्डात ठोकून परत रंगवलेली गाडी गळ्यात पडली असं समजायचं. तसं काही निघालं नाही, हुश्श. या शंभरेक मायक्रॉनमध्ये सगळ्यात वरचा पारदर्शक थर चाळीस-पन्नासचा. पॉलिश म्हणजे त्यातलाच एक पापुद्रा घासून काढणं, म्हणून ते वारंवार करायचं नसतं.

शेजारी एका पांढऱ्या एसयूव्हीला पीपीएफ, म्हणजे रंग वाचवणारी पारदर्शक फिल्म, चढत होती. बेबी शाम्पूचं पाणी मारून फिल्म बॉनेटवर अंथरली, ती गुळगुळीत सरकत होती. मग मधून कडेकडे रबरी पट्टीने पाणी हाकलत आणलं, कोपऱ्यावर स्पिरिट-पाणी मारून फिल्म ताणली आणि कडा आत दुमडली. दुमडताना मुलगा श्वास रोखून धरत होता. मी एकच विचारलं, कापता कुठे? प्लॉटरवर आधी कापलेली असेल तर ठीक. गाडीवर अंथरून ब्लेडने कापणार असाल तर तो चरा जन्माचा, आणि फिल्म काढेपर्यंत दिसतही नाही. इथे प्लॉटर होता, चालू स्थितीत.

फिल्म टीपीयूचीच, म्हणजे लवचिक पॉलियुरेथेनचीच हवी. पीव्हीसी स्वस्त पडते पण आपल्या उन्हात पिवळी पडून कडक होते. चांगली टीपीयू फिल्म दीडशे ते दोनशे मायक्रॉनची, म्हणजे गाडीच्या सगळ्या रंगापेक्षा जाड, आणि बारीक चरे उन्हाच्या उष्णतेने आपले आपण भरून येतात. ट्रकच्या चाकातून उडालेला खडा हीच झेलते, सिरॅमिक झेलत नाही. सिरॅमिकचा उपयोग पाणी-चिखल पटकन सुटण्यापुरता. त्यातही आमच्याकडे टँकर आणि बोअरचं जड पाणी. त्याचे थेंब गोल होऊन तिथेच वाळले की क्षाराचे पांढरे ठिपके, काळ्यावर जास्तच उठून दिसणारे. कबुतरांबद्दल लिहीत नाही, रक्तदाब वाढतो.

पूर्ण गाडीचा आकडा लाखाच्या बराच वर गेला. मी बॉनेट, पुढचा बंपर, दोन्ही फेंडर, आरसे, हेडलाइट आणि चाकामागच्या पट्ट्या एवढंच घेतलं. खडे लागतात ते इथेच. बाकीच्या अंगाला हलकं पॉलिश आणि साधं सीलंट, दर काही महिन्यांनी माझ्या हाताने. बिलावर फिल्मचं नाव आणि रोल नंबर लिहून द्यायचं मालकाने कबूल केलंय, कारण दहा वर्षांची वॉरंटी त्या नंबरशिवाय फक्त रंगीत कार्ड. विमा एजंटलाही विचारलं. बंपर बदलावा लागला तर माझ्या पॉलिसीत बंपरचे पैसे मिळतील, फिल्मचे नाहीत.

लाखातले निम्म्याहून जास्त उरले. बायकोला आकडा सांगितला नाही, टायर कधीतरी बदलावे लागतीलच.

मंगळवार

मित्राचा फोन. त्याच्या एक्झॉस्टवाल्याकडे एक जुना अ‍ॅक्सल-बॅक आलाय, अर्ध्या किमतीत, बघतोस का? पावणेचार मीटरच्या नळीचा हिशेब त्याला ऐकवला. तो म्हणाला, तुझं गणित बरोबर, पण पाच हजारांवर काय वाटलं ते सांग. मी विषय बदलला. रविवारी ताम्हिणीला जायचं ठरलंय, त्याच्या गाडीतून. घाट चढताना मी चालवणार, येताना हायवेचं घुमणं तो सोसणार. पेट्रोल अर्धं अर्धं.