४६.७ फूट, म्हणजे चार बोटं वर

लेंडरचं पत्र आलं तेव्हा मी ऑफिसच्या कॉलवर होते, नवऱ्याने ते फॉरवर्ड केलं आणि खाली एवढंच लिहिलं, "हे काय नवीन?" २०२२ चा मार्च, न्यू जर्सीत सॉमरसेट काउंटीमध्ये घराची ऑफर लागलेली, अ‍ॅटर्नी रिव्ह्यू पार पडलेला, इन्स्पेक्शन झालेलं, आणि आता हे पत्र म्हणतंय की तुमचं घर स्पेशल फ्लड हझार्ड एरियात आहे, झोन एई, फ्लड इन्शुरन्स घेतल्याशिवाय लोन मिळणार नाही. घरामागे दोनशे पावलांवर एक ओढा आहे, पुढे जाऊन रॅरिटन नदीला मिळतो. बघायला गेलो तेव्हा त्यात घोट्याएवढं पाणी होतं आणि दोन बदकं. आम्ही फोटो काढले होते त्या बदकांचे.

आता मी मूळची सांगलीची, गावभागातली. पूर म्हणजे काय हे मला कुणी शिकवायची गरज नाही असं मला वाटायचं. आमच्याकडे पावसाळ्यात सकाळी चहाच्या आधी विचारतात, "आयर्विनला (कृष्णेवरच्या पुलापाशी) किती फूट?" चाळीस म्हणजे इशारा, पंचेचाळीस म्हणजे धोका, त्यापुढे सामान माळ्यावर. त्यामुळे फेमाच्या (इथलं आपत्ती व्यवस्थापनाचं सरकारी खातं) साइटवर पत्ता टाकून नकाशा उघडला आणि आमच्या ओढ्यावर आडव्या रेघेजवळ "४७" लिहिलेलं दिसलं तेव्हा माझ्या पोटात गोळाच आला. मला वाटलं ४७ फूट पाणी! नवऱ्याला म्हटलं ऑफर मागे घे, डिपॉझिट गेलं तर गेलं.

तर ते तसं नसतं. हे मला कळायला दोन दिवस लागले म्हणून इथे सविस्तर लिहितेय. त्या आकड्याला बेस फ्लड एलेव्हेशन म्हणतात, बीएफई. ती पाण्याची खोली नाही. आयर्विनला पुलाच्या पट्टीवर फूट मोजतात, तसं इथे समुद्रसपाटीच्या जवळपासचा एक ठरवलेला शून्य धरून मोजतात, आणि मोठ्या पुरात पाण्याचा पृष्ठभाग त्या शून्यापासून किती उंचीवर येईल तो हा आकडा. म्हणजे बीएफई ४७ आणि तुमच्या घराची जमीन ४५ वर असेल तर दारात दोन फूट पाणी, जमीन ५० वर असेल तर पाणी तीन फूट खाली. एकट्या बीएफईला काही अर्थच नाही, शेजारी तुमच्या जमिनीचा आकडा हवा.

आणि "मोठा पूर" म्हणजे कोणता, तर दर वर्षी यायची शक्यता १ टक्का असलेला. याला लोक शंभर वर्षांचा पूर म्हणतात आणि तिथेच सगळा घोळ होतो, कारण ऐकणाऱ्याला वाटतं एकदा आला की पुढची नव्याण्णव वर्षं निवांत. सांगलीत २००५ ला आला, २०१९ ला त्याच्याही वर गेला, २०२१ ला परत. हिशोब केला तर तीस वर्षांच्या लोनमध्ये असा पूर एकदा तरी यायची शक्यता २६ टक्के, म्हणजे चारात एक. नवरा पुण्याचा, तो लगेच म्हणाला, "म्हणजे आपली लाल रेषा!" बरोबरच आहे, आपल्याकडे निळी पूररेषा पंचवीस वर्षांची आणि लाल शंभर वर्षांची. फरक एवढाच की पुण्यात नदीकाठी फ्लॅट घेताना ती रेषा बिल्डरला विचारावी लागते आणि तो विषय बदलतो, इथे कोणीही घरबसल्या पत्ता टाकून फुकट बघू शकतो.

झोनची अक्षरं पहिल्यांदा डोक्यावरून जातात पण एकदा कळली की सोपी आहेत. ए किंवा व्ही ने सुरू होणारा झोन म्हणजे त्या १ टक्क्याच्या पुरात येणारा भाग, व्ही म्हणजे समुद्रकाठचा, जिथे लाटांचा मारही धरलाय. एई म्हणजे बीएफई काढून दिलेला, नुसता ए म्हणजे धोका आहे पण आकडा काढलेला नाही (ही जास्त डोकेदुखी). एक्स म्हणजे बाहेर, त्यातही छटा दिलेला एक्स म्हणजे ०.२ टक्केवाला, पाचशे वर्षांचा म्हणतात तो. ओढ्याच्या अगदी लगतचा तिरक्या पट्ट्यांचा भाग फ्लडवे, तिथे काही बांधायला जवळजवळ बंदीच. आमचा प्लॉट दोन झोनमध्ये विभागलेला निघाला, पुढचं अंगण एक्समध्ये, मागचं एईमध्ये आणि रेघ बरोब्बर आमच्या किचनमधून गेलेली. प्लॉटचा कोपरा झोनमध्ये असला तर चालतं, पण इमारतीला रेघ लागली की लोनसाठी इन्शुरन्स सक्तीचा. १९७३ च्या कायद्यापासून असं आहे, आणि घराच्या साध्या इन्शुरन्समध्ये पुराचं नुकसान धरलेलंच नसतं, हेही मला तेव्हाच कळलं.

विकणाऱ्या बाईंनी एक जुनं एलेव्हेशन सर्टिफिकेट (सर्व्हेयरने मोजलेल्या उंचीचा दाखला) काढून दिलं, पिवळं पडलेलं. त्यात घराला टेकलेल्या सगळ्यात खालच्या जमिनीची उंची ४७.७ लिहिली होती. सर्व्हेयरला फोन केला तर त्याने ओढ्याचं प्रोफाइल (पुराचं पाणी कुठे किती उंच येईल त्याचा आलेख) उघडून सांगितलं की नकाशावरचे आकडे पूर्ण फुटात असतात, तुमच्या घरापाशी नेमकं बीएफई ४६.४ येतंय. मी फोनवरच वजाबाकी केली, १.३ फूट वर! नवऱ्याने संध्याकाळी आम्रखंडाचा डबा उघडला.

तो डबा संपायच्या आत सर्व्हेयरचा परत फोन, की सर्टिफिकेटवर वरच्या कोपऱ्यात डेटम बघा, म्हणजे उंची कुठल्या शून्यापासून मोजलीय ते. एनजीव्हीडी २९ असं लिहिलं होतं. नकाशा एनएव्हीडी ८८ मध्ये. म्हणजे दोघांचे शून्यच वेगळे, आणि आमच्या भागात त्या दोन शून्यांत साधारण फूटभर अंतर. जुन्या आकड्यातून एक फूट गेला. खाली काय उरलं, तर ०.३ फूट. आणि हे ०.३ म्हणजे तीन इंच नव्हे, ही मंडळी फुटाचे दहा भाग करतात, त्यामुळे साडेतीन इंचाच्या जरा वर. आईच्या भाषेत चार बोटं. कुणी जुनं सर्टिफिकेट हातात दिलं तर आधी हा डेटम बघा, बाकी नंतर.

क्लोजिंगच्या, म्हणजे घर नावावर व्हायच्या आधी हे सगळं निस्तरणं शक्य नव्हतं म्हणून गुपचूप सरकारी फ्लड पॉलिसी घेतली, वर्षाला हजार डॉलरच्या आसपास बसली. इमारतीला जास्तीत जास्त अडीच लाख डॉलर आणि सामानाला एक लाख, सामानाचं वेगळं घ्यावं लागतं, आपोआप येत नाही. एरवी ही पॉलिसी घेतल्यावर तीस दिवसांनी लागू होते, लोनच्या क्लोजिंगसाठी घेतली तर लगेच. म्हणजे वादळाची बातमी बघून घेऊ म्हणणाऱ्यांसाठी हे नाही. बेसमेंटचं मात्र नीट वाचा. फर्नेस, वॉटर हीटर, संप पंप (बेसमेंटमध्ये साचणारं पाणी बाहेर टाकणारा), इलेक्ट्रिक पॅनल धरतात, पण तिथे टाकलेलं कार्पेट, सोफा, टीव्ही काही नाही. आमच्या एका मित्राने बेसमेंटमध्ये होम थिएटर केलंय, त्याला हे सांगितल्यावर त्याने विषय बदलला.

घर ताब्यात आल्यावर नवीन मोजणी करून घेतली, मेच्या शेवटी. दोघं आले, एक तिकाटण्यावर यंत्र लावून आणि दुसरा हातात काठी घेऊन घराभोवती फिरतोय. मला वाटलं होतं फाउंडेशनच्या चार कोपऱ्यांशी काठी टेकवतील आणि जातील. तो थेट मागच्या डेकखाली शिरला. डेक घराला जोडलेला असेल तर त्याचे खांबही घरातच धरतात, आणि जमीन मागे ओढ्याकडे उतरती, त्यामुळे शेवटचा डावीकडचा खांब जिथे मातीत जातो तीच आमच्या घराची सगळ्यात खालची जागा. त्याने पुदिना बाजूला केला (जुन्या मालकीणबाईंनी लावलेला, सगळीकडे पसरलाय), काठी टेकवली, पलीकडून आवाज आला. ४६.७. जुन्या सर्टिफिकेटमधून फूट वजा करून आलं होतं तेवढंच. मी विचारलं, हा डेक पायरीभर लांब असता तर? तो हसला आणि म्हणाला तर तुम्ही मला उगाच पैसे दिले असते.

हे सर्टिफिकेट हातात आलं की फेमाकडे अर्ज करता येतो, लेटर ऑफ मॅप अमेंडमेंट, सगळे लोमा म्हणतात. सांगणं असं की तुमचा नकाशा मोठ्या मापावर काढलाय, त्यात आमची जमीन रेघेत आली पण प्रत्यक्षात ती बीएफईच्या वर आहे, तेव्हा घर वगळा. एका घरासाठीचा फॉर्म स्वतः भरता येतो, ऑनलाइन, फेमा फी घेत नाही, खर्च फक्त सर्व्हेयरचा. त्यात एक प्रश्न असतो की जमीन वर आणायला भराव टाकलाय का. भराव असेल तर दुसरा अर्ज, त्याला फी आणि टाउनची सही. आमच्याकडे जमीन मूळचीच होती.

मी जूनमध्ये अर्ज टाकला आणि दिवस मोजत बसले, कारण साठ दिवसांत निकाल देतात असं वाचलं होतं. तीन आठवड्यांनी मेल, डीडची (खरेदीखताची) काउंटीत नोंदवलेली प्रत जोडलेली नाही. मी क्लोजिंगच्या गठ्ठ्यातली सही केलेली प्रत जोडली होती, ती चालत नाही, नोंदणीचा शिक्का हवा. आणि साठ दिवस सगळी कागदपत्रं पोचल्यापासून मोजतात, अर्जापासून नाही. तलाठी ऑफिसची आठवण आली, पण खरं सांगायचं तर चूक माझीच होती.

सप्टेंबरमध्ये पत्र आलं. घर वगळलं, प्लॉटचा काही भाग अजून झोनमध्ये. लेंडरला पाठवलं, त्यांनी सक्ती काढली (काढलीच पाहिजे असं नाही हं, पत्र असूनही लेंडर इन्शुरन्स मागू शकतो). मी एजंटला फोन केला, आता प्रीमियम किती कमी होईल? तो म्हणाला शून्य. २०२१ च्या ऑक्टोबरपासून नवीन पद्धत आली, प्रीमियम आता झोनवरून ठरतच नाही, पाण्यापासून अंतर, जमिनीची उंची, घर बांधायचा खर्च यावरून ठरतो. म्हणजे हा सगळा खटाटोप करून आम्हाला मिळालं काय, तर पॉलिसी बंद करायची परवानगी.

ती बंद करायची की नाही यावर घरात आठवडाभर वाद. नवरा म्हणे हजार डॉलर वाचतात. समोरचे गुजराती काका कॉफीला आले होते, त्यांचं घर पहिल्यापासून एक्समध्ये, सक्ती कधीच नव्हती म्हणून पॉलिसीही नव्हती. २०२१ मध्ये १ सप्टेंबरच्या रात्री आयडा वादळ आलं तेव्हा त्यांच्या बेसमेंटमध्ये कमरेएवढं पाणी, ओढ्याचं नाही, रस्त्यावरच्या गटाराने पाणी घ्यायचं थांबवलं म्हणून. आमच्या घरात तेव्हा संप पंप चालला आणि कोरडं राहिलं असं जुन्या मालकीणबाईंनी सांगितलेलं, पण ते तोंडी. २०२४ पासून इथे विकणाऱ्याला पुराची माहिती लिहून द्यावी लागते, आमच्या वेळी तसं नव्हतं.

रविवारी बाबांना व्हिडिओ कॉलवर सगळं सांगितलं. त्यांना बीएफई एका वाक्यात कळलं, आयर्विनवाल्या माणसाला कळणारच. फोन घेऊन डेकखाली गेले, तो खांब दाखवला आणि म्हटलं पूर आला तरी पाणी इथे मातीच्या चार बोटं खालीच राहणार. बाबा काहीच बोलले नाहीत, उठून स्वयंपाकघरात गेले आणि फोन भिंतीकडे केला. तिथे ऑइलपेंटची रेघ आहे, बाजूला माझ्या भावाच्या अक्षरात २००५. आणि तिच्या बरीच वर दुसरी, २०१९.

"ही रंगवली तेव्हा आम्ही पण म्हणलेलं, याच्या वर काय जात नाय," बाबा म्हणाले. "तू भर गं ते पैसे."

लोमाचं पत्र डीडच्या फाइलमध्ये लावलंय, घर विकलं तर पुढच्याला उपयोगी पडेल, नवीन नकाशा आला तर परत बघावं लागेल. पॉलिसी मेमध्ये रिन्यू होते, ऑटो-पेवर टाकलीय.