वास न येणारं व्हिनेगर

दिघ्यातल्या एका समाजमंदिरात गर्भाशयमुखाच्या तपासणीचं शिबीर होतं. दुपारी साडेबारापर्यंत सोळा जणी झाल्या, सोळाही निगेटिव्ह. त्यात नवल नव्हतं, सोळांत एकही न निघणं सहज शक्य असतं. खटकलं ते वेगळंच.

या तपासणीत पिशवीच्या तोंडाला, म्हणजे गर्भाशयमुखाला, व्हिनेगर (पातळ ऍसिटिक ऍसिड) लावतात; कॅन्सरची पूर्वावस्था असेल तर तिथे पांढरा डाग उमटतो. निरोगी तोंडावरही थोडा बदल होतो. आतल्या लालसर, दाणेदार अस्तरावर क्षणभर फिकट पांढरी झाक येते आणि बाहेरचं गुलाबी अस्तर त्याला जिथे मिळतं ती रेषा उठून दिसते. त्या दिवशी रेषा उठतच नव्हती. शिवाय पडद्यामागे वास नव्हता. वाटीत पाच टक्क्यांचं ऍसिटिक ऍसिड असलं, की हॉटेलातल्या सिरक्याच्या कांद्यासारखा वास दिवसभर खोलीत राहतो. वाटी नाकाशी धरली, तर जवळजवळ पाणीच.

द्रावण करायचं सोपं असतं. ९५ मि.लि. डिस्टिल्ड वॉटर, त्यात ५ मि.लि. ग्लेशियल, म्हणजे पाणी न मिसळलेलं, ऍसिटिक ऍसिड, रोज ताजं. पाण्यात ऍसिड घालायचं, ऍसिडमध्ये पाणी नाही. आमच्याकडे आदल्या शिबिरातलं उरलेलं तयार द्रावण ग्लेशियलच्या रिकाम्या बाटलीत भरलं गेलं होतं आणि लेबल जुनंच राहिलं होतं. सकाळी त्यातलेच ५ मि.लि. घेऊन पुन्हा ९५ मि.लि. पाण्यात मिसळले. उरलं पाव टक्का. खऱ्या ग्लेशियलचं बूच उघडलं की नाकाला झोंबतं, त्यावरून सकाळीच कळायला हवं होतं. उलट चूक झाली असती, म्हणजे मूळ ऍसिड तसंच लागलं असतं, तर भाजलं असतं आणि तिथल्या तिथे ओरड झाली असती. पातळ द्रावण कुणाला दुखत नाही. ते कागदावर ‘निगेटिव्ह’ होऊन घरी जातं, हे जास्त वाईट.

मुंबईच्या वस्त्यांमध्ये टाटा स्मारक रुग्णालयाने १९९८ पासून याच साध्या तपासणीचा मोठा अभ्यास केला. प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी ती केली आणि गर्भाशयमुखाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. त्या तपासणीचा सगळा भार या वाटीतल्या पाण्यावर असतो.

अकरा जणी अजून बसलेल्या होत्या. काय चुकलं ते त्यांना स्पष्ट सांगितलं, ताजं द्रावण केलं आणि पुन्हा सुरुवात केली. स्राव आधी सलाइनच्या बोळ्याने पुसायचा, मग भिजलेला बोळा तोंडावर दाबून धरायचा आणि घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट थांबायचं. घाईत वीस सेकंदांवर पाहिलं तर डाग उमटलेलाच नसतो. उजेड पांढरा हवा, पिवळ्या बल्बखाली सगळंच पिवळट दिसतं.

सातव्या होत्या एक्केचाळीस वर्षांच्या ताई. त्या आल्याच होत्या अंगावरून पांढरं जातं म्हणून. वर्षभर मेडिकलमधून गोळ्या घेत होत्या आणि रोज तुरटीच्या पाण्याने आतून धूत होत्या. स्राव पातळ, करडा, माशासारखा वास, पीएच साडेचारच्या वर. हे बॅक्टेरियल व्हजायनोसिस, म्हणजे योनीतल्या जंतूंचा तोल बिघडणं. योनीतले लॅक्टोबॅसिलस जंतू लॅक्टिक ऍसिड तयार करून पीएच साडेचारच्या खाली ठेवतात, आतून धुण्याने त्यांचीच वाट लागते.

एका मिनिटाने घड्याळाच्या अकरा ते दोनच्या जागी दाट, खडूसारखा पांढरा डाग उमटला. कड ठळक, बरोबर त्या रेषेला चिकटलेली. सुजेची पांढरट झाक विखुरलेली असते, तिला कड नसते. नाबोथियन गाठ, म्हणजे तोंडावरची निरुपद्रवी पाणगाठ, गोल गुंडीसारखी दिसते. हे तसं नव्हतं.

“मॅडम, मघाशी तर काही नाही म्हणालात.”

“हो ताई. मघाशीचं औषध पातळ होतं, चूक आमची आहे. हा डाग म्हणजे कॅन्सर नव्हे, पण दुर्बिणीतून बघायलाच हवा.”

पांढरं जाणं आणि हा पांढरा डाग, या दोन गोष्टींची फार गल्लत होते. स्राव म्हणजे कॅन्सरची पूर्वावस्था नव्हे. ती होते एचपीव्ही हा विषाणू वर्षानुवर्षं टिकून राहिल्याने, त्यातही १६ आणि १८ या प्रकारांनी जास्त. बहुतेकींचा विषाणू वर्ष-दोन वर्षांत आपोआप जातो. लॅक्टोबॅसिलस कमी असलेल्या योनीत तो रेंगाळण्याचं प्रमाण जास्त दिसतं, संबंध इतकाच. त्यामुळे त्यांना मेट्रोनिडॅझोल ४०० मि.ग्रॅ. दिवसातून दोनदा, सात दिवस दिलं, तुरटी बंद केली आणि कॉल्पोस्कोपीची, म्हणजे दुर्बिणीतल्या तपासणीची, चिठ्ठीही त्याच वेळी दिली. ‘आधी पांढरं थांबू दे, मग बघू’ असं म्हटलं, की गोळ्यांनी वास जातो आणि बाई परत येत नाही.

बायोप्सीत सीआयएन २, म्हणजे कॅन्सरच्या पूर्वावस्थेची मधली पायरी, निघालं. डाग पूर्ण दिसत होता, गर्भाशयमुखाच्या नळीच्या आत शिरलेला नव्हता, म्हणून थर्मल ऍब्लेशन, म्हणजे उष्णतेने तो भाग जाळणं, करता आलं. १०० अंशांचं टोक, ३० सेकंद, भूल न देता. नंतर साधारण महिनाभर पाण्यासारखा स्राव, तेवढे दिवस संबंध नाही, आणि वर्षाने पुन्हा तपासणी.

घरी गेलेल्या पाच जणींना आशाताईंनी दारोदार जाऊन निरोप दिला. चौघी त्याच आठवड्यात आल्या. त्यातल्या दोघींची पाळी कधीच गेलेली होती. त्या वयात ती रेषा नळीत आत सरकते आणि व्हिनेगरला दिसत नाही, म्हणून त्यांचे एचपीव्हीचे नमुने घेतले. पाचवी गावाला गेली होती. गणपती झाल्यावर ती परतली आणि तिची तपासणी त्या दिवशी ताज्या द्रावणाने झाली, बाटलीवर तारीख, वेळ आणि टक्केवारी लिहून.