खिशातला कॅमेरा आणि काहिलीची वाफ

खिशात मावतो म्हणजे नेमका कोणत्या खिशात, हे आधी ठरवावं. डीजेआय कंपनीचा ऑस्मो पॉकेट ३ हा व्हिडिओ कॅमेरा साधारण १४ सेंटिमीटर लांब आणि १७९ ग्रॅम वजनाचा. जीन्सच्या पुढच्या खिशात नीट बसतो. सदऱ्याच्या खिशात ठेवला तर अर्धा बाहेर डोकावतो, आणि गुऱ्हाळात काहिलीवर, म्हणजे रस आटवायच्या मोठ्या कढईवर, वाकून बघायला गेलं की थेट उकळत्या रसात.

हा प्रकार तसा जुनाच. २००७ साली फ्लिप अल्ट्रा नावाचा कॅमेरा आला होता. त्याला एक मोठं लाल बटण आणि टुणकन बाहेर येणारं यूएसबीचं तोंड. सिस्को या अमेरिकन कंपनीनं ती कॅमेऱ्याची कंपनी २००९ मध्ये ५९ कोटी डॉलरला विकत घेतली आणि २०११ मध्ये तो धंदाच गुंडाळला. तोवर फोननं व्हिडिओ गिळला होता. मग आता फोन असताना हे दुसरं खेळणं कशाला? कारण फोन वाजतो, भरतो, तापतो, आणि नेमकं चित्रीकरण रंगात आलं की मिसळीचे पैसे द्यायला तोच लागतो.

ज्या कोल्हापुरात बाबूराव पेंटरांनी सिनेमाचा कॅमेरा हातानं घडवला, त्या गावात दुकानदाराच्या शब्दावर कॅमेरा घेणं काही शोभत नाही. डब्यावरचे आकडे बाजूला ठेवा आणि आपण चित्र कुठं काढणार ते बघा. चालत-बोलत रंकाळ्याची चक्कर दाखवायची असेल तर गिंबलवाला कॅमेरा, म्हणजे मोटारीच्या मानेवर चित्र स्थिर ठेवणारा, ऑस्मोसारखा. पावसात पन्हाळ्यावर, दुचाकीवर, चिखलात जायचं असेल तर अ‍ॅक्शन कॅमेरा. गच्चीवरून मिरवणूक टिपायची असेल तर जुन्या धाटणीचा, ऑप्टिकल झूमचा हँडीकॅम अजूनही या दोघांना भारी पडतो. पहिल्या दोघांत बहुतेक वेळा झूम डिजिटलच असतो, म्हणजे नुसती कात्री. फोर-के मध्ये घेऊन १०८० मध्ये द्यायचं असेल तर दुपटीपर्यंत कापलेलं चालतं, कारण ३८४० चे निम्मे १९२०. त्यापुढं चेहऱ्याची रांगोळी होते.

गिंबलबद्दल एक गैरसमज फार पसरलाय. तो कॅमेऱ्याचं वळणं, कलणं सावरतो. पावलागणिक होणारी वर-खाली उचक त्याच्या हातात नसते. डोक्यावर घागर घेतलेली बाई जशी गुडघे किंचित वाकवून चालते, तसं चालावं लागतं. आणि तालमीतली तांबडी माती त्याच्या मोटारीत गेली तर ती धुऊन काढता येत नाही. आखाड्याच्या कडेला अ‍ॅक्शन कॅमेराच बरा, फक्त त्याची भिंग फार रुंद बघते. दहा फुटांवरून दोन पैलवान दोन मुंग्यांसारखे दिसतात, म्हणून जवळ जावं लागतं. बंद, कोंदट जागेत फोर-के लावून एका जागी ठेवला तर तो तापून बंदही पडतो, कारण थंड राहायला त्याला वारा लागतो.

खरी परीक्षा गुऱ्हाळात. बाहेर ऊन, आत अंधार, चुलवणात जाळ आणि काहिलीवर पांढरी वाफ. ऑटोवर ठेवलेला कॅमेरा वाफ बघून म्हणतो, उजेड फार झाला, आणि सगळं काळं करतो. वाफ हलली की पुन्हा उजळ. चित्राला धाप लागल्यासारखं होतं. म्हणून गुळव्याच्या चेहऱ्यावर उजेड जमवून एक्स्पोजर लॉक करावं. व्हाइट बॅलन्स, म्हणजे रंगांचा तोल, तोही ५००० ते ५५०० केल्विनच्या आसपास कायम ठेवावा. नाहीतर जाळ दिसताच कॅमेरा सगळं निळसर करतो, आणि गुळाच्या व्हिडिओत रंगच फसला तर दाखवायला उरलं काय? रंगावरूनच तर भाव ठरतो.

वेग सेकंदाला २५ फ्रेम आणि शटर १/५०. हे आकडे छापील नियम म्हणून नाहीत, आपल्या विजेमुळे आहेत. आपल्याकडं वीज ५० हर्ट्झची, त्यामुळं साधे दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. कॅमेरा ३० फ्रेम आणि १/६० वर ठेवला तर दुकानातल्या ट्यूबखाली चित्रातून काळे पट्टे सरकू लागतात. लोक मग कॅमेऱ्याला नावं ठेवतात. सेटिंगमध्ये ‘पाल’ (PAL) किंवा ५० हर्ट्झ निवडलं की बहुतेक वेळा पट्टे जातात. उन्हात १/५० ठेवलं की चित्र पांढरं फटक पडतं, तिथं एनडी फिल्टर, म्हणजे उजेड कमी करणारी काळसर काच, लावायचा.

एसी गाडीतून उतरून सरळ वाफेत गेलात तर भिंगेवर दव धरतं. पुसलं तरी पुन्हा येतं. बंद पिशवीत पंधरा-वीस मिनिटं बाहेरच्या हवेला सरावू द्यायचं. आणि पुसायला सदऱ्याचं टोक नको. आधी फुंकणी, मग मऊ कापड.

एवढं सगळं जमलं तरी आवाजात बहुतेकांची विकेट जाते. अंतर दुप्पट झालं की आवाज सहा डेसिबलनं पडतो, मागचा चरक आणि बर्नर मात्र तेवढ्याच जोरात. कॉलर माइक हनुवटीखाली वीतभर लावा आणि आवाजाच्या पातळीचा सर्वात उंच काटा उणे १२ डेसिबलच्या आसपास ठेवा. फोनसाठीच्या माइकच्या पिनेवर तीन काळ्या रेघा असतात, कॅमेऱ्याला दोन रेघांची लागते. ही एक रेघ न बघितल्यानं घरी येऊन मूकपट बघावा लागतो. संध्याकाळी रंकाळ्यावर वारा सुटतो, तिथं माइकला फरचं टोपडं हवंच. मिरवणुकीत एक काळजी वेगळी: लेझरचा झोत सरळ भिंगेत शिरला तर सेन्सरवर कायमचा डाग पडू शकतो.

मेमरी कार्ड व्ही ३० (V30) ही वेगाची खूण लिहिलेलं घ्या. सेकंदाला १०० मेगाबिटनं फोर-के घेतलं तर मिनिटाला ७५० एमबी जातात, म्हणजे ६४ जीबीत जेमतेम ८५ मिनिटं. कार्ड नवं असो वा जुनं, फॉरमॅट कॅमेऱ्यातच करायचं.

गुऱ्हाळात शेवटी कुणीतरी काकवीची वाटी पुढं करतोच. चिकट बोटांना टचस्क्रीन दाद देत नाही, म्हणून वाटी हातात घेण्याआधी कॅमेरा बंद करायचा, त्याची मान दुमडू द्यायची, आणि किल्ल्या-सुटे पैसे नसलेल्या खिशात सरकवायचा.