टायरची आतली बाजू

‘रस्त्याच्या परिस्थितीकडे दुर्लक्ष करून, हयगयीने, अविचाराने, भरधाव वेगात वाहन चालवून…’

अपघाताच्या जवळपास प्रत्येक फिर्यादीत हे वाक्य असतं. मोटार वाहन निरीक्षक म्हणून माझी एकोणीस वर्षं नोकरी झाली. तालुके बदलले, ठाणी बदलली, वाक्य तेच राहिलं. इतक्यांदा वाचलंय की नजर त्याच्यावर थांबतच नाही. गेल्या जूनमध्ये मात्र त्यातल्या ‘रस्त्याच्या परिस्थितीकडे’ या दोन शब्दांपाशी अडकलो, तो अजून तिथेच आहे.

आमच्या कामाबद्दल लोकांची एक समजूत असते, की अपघात झाला की आरटीओवाले जागेवर जातात. बहुतेक वेळा जात नाही. वाहतूक खोळंबलेली असते, क्रेनने गाड्या उचलून ठाण्याच्या आवारात आणून ठेवतात, पोलिसांचं पत्र येतं आणि दोन-तीन दिवसांनी आम्ही गाडी तपासायला पोहोचतो. पायाचा ब्रेक, हाताचा ब्रेक, स्टिअरिंग, टायर, दिवे, वायपर, कुठे काय तुटलं, कागदपत्रं. शेवटी एका ओळीचं उत्तर द्यायचं: अपघात वाहनातील तांत्रिक दोषामुळे झाला किंवा नाही. बहुतेकदा ‘नाही’. गाडी सुटली की चालक अडकतो, कारण त्या कागदावर तिसरं कुणी नसतंच.

मृगाचा पाऊस सुरू होऊन दोनच दिवस झाले होते. दुधाचे कॅन घेऊन संकलन केंद्राकडे निघालेला एक ‘छोटा हत्ती’ टेम्पो सकाळी सहाच्या सुमारास आपल्या डाव्या बाजूने जाता जाता एकदम उजवीकडे झेपावला आणि समोरून येणाऱ्या मोटारसायकलवर गेला. मोटारसायकलवरचे गृहस्थ जागीच वारले. पन्नाशीचे होते, रात्रपाळी करून घरी चालले होते, डोक्याला हेल्मेट होतं. टेम्पोचालक चोवीस वर्षांचा, हात मोडलेला. त्याच्यावर गुन्हा दाखल झाला होता. निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्याबद्दल पूर्वी दंड संहितेचं ३०४-अ कलम लागायचं, आता न्याय संहितेचं १०६ लागतं.

टेम्पोच्या ब्रेकचं तेल भरलेलं होतं, पाइप शाबूत, पेडल दाबलं की घट्ट लागत होतं. डाव्या पुढच्या टायरला हवा होती. नक्षीला गेज लावलं तर चार मिलिमीटरच्या वर, नियमाला १.६ पुरते. गोटा झालेले टायर लावून महामार्गावर फिरणारे मालक मी रोज पाहतो, त्या मानाने ही गाडी फार नीट राखलेली होती. ‘नाही’ लिहायला घेणारच होतो.

स्टिअरिंगचे सांधे पाहायचे राहिले होते. आवारात चिखल झालेला, म्हणून पुठ्ठा पसरून गाडीखाली आडवा झालो आणि टॉर्च मारला, तेव्हा त्या टायरची आतली बाजू डोळ्यांसमोर आली. टायरची बाहेरची बाजू सगळेच बघतात. ती फुटपाथला घासते, दगडाला लागते, तिच्यावर ओरखडे असतातच. आतली बाजू, म्हणजे गाडीच्या पोटाकडची, सहसा कशालाच लागत नाही. तिच्यावर धूळ आणि ग्रीसचा थर असतो. इथे तो थर एका पट्ट्यात साफ पुसला गेला होता. दोन बोटं रुंद पट्टा, टायरच्या फिरण्याच्या दिशेने गोल घासत गेलेला. रबर खरवडून केसांसारखं उभं राहिलं होतं आणि त्यात डांबराचे चकचकीत कण होते. एके ठिकाणी खडीची कपची रुतून बसली होती. ती मी नखाने काढायचा प्रयत्न केला, निघाली नाही. रिमच्या आतल्या काठालाही तसाच ताजा ओरखडा, गंजाची जेमतेम झाक आलेला. मागच्या डाव्या चाकावर तेच, पण पुसट.

डाव्या चाकाची आतली बाजू डांबराला घासायची असेल तर डांबर त्या चाकाच्या उजवीकडे आणि उंचावर असायला हवं. म्हणजे चाक रस्त्याच्या खाली होतं.

मी हवालदारसाहेबांना म्हटलं, जागेवर जाऊन येऊ. ते म्हणाले, “पंचनामा झालाय साहेब.” तरीही आले, माणूस भला आहे.

दोन पदरी रस्ता, वळण जवळपास नाहीच, दोन्ही बाजूंना ऊस. नवं डांबर वर्षभरापूर्वीचं, तळहातासारखं सपाट. डांबराची कडा मात्र सुरीने कापल्यासारखी सरळ खाली उतरलेली, आणि खाली साइडपट्टीच्या जागी पाण्याने धुपलेली चर. टेप लावला. साडेपाच इंच. चौदा सेंटिमीटर म्हणा. दहा-दहा पावलांवर मोजत गेलो: चार, साडेपाच, पाच, सहा. त्या कडेला एका जागी पंचवीस-तीस फूट लांब काळं रबर घासलं गेलं होतं, आणि जिथे ते संपलं तिथे कडेचा वितभर कपचा उडालेला होता. पंचनाम्यात यातलं काहीच नव्हतं. रस्त्याची रुंदी होती, डांबरी असल्याचं होतं, रक्ताचे डाग होते.

ही कडा कशी तयार होते ते सांगतो, कारण रोज त्यावरून जाणाऱ्यांच्याही ते लक्षात येत नाही. दर काही वर्षांनी जुन्या डांबरावर नवा थर पडतो, दीड-दोन इंचांचा. रस्ता चकचकीत होतो, पेपरात फोटो येतो. साइडपट्टीला मात्र मुरूम घालून, पाणी मारून, रोलर फिरवून डांबराच्या पातळीला आणायचं असतं, ते काम मागे राहतं. तीन थरांनंतर रस्ता अर्धा वीत उंच होतो आणि साइडपट्टी पावसाने आणखी खाली जाते. खड्डा दिसला की लोक ओरडतात, त्यात रोप लावून आंदोलन करतात. कडेसाठी कुणी आंदोलन केलेलं मी पाहिलेलं नाही.

चाक खाली गेल्यावर चालक घाबरून स्टिअरिंग उजवीकडे ओढतो. चाक चढत नाही, कारण टायर कडेला घासत राहतो. तो आणखी ओढतो. कडेने धरून ठेवलं आहे तोवर गाडी सरळच चालते, पण पुढची चाकं आता खूप वळलेली असतात. मग एखाद्या जागी कडा तुटते किंवा बुटकी होते, टायर चढतो, आणि सगळं वळण एका क्षणात रस्त्याला लागू होतं. गाडी बाण सुटावा तशी पलीकडच्या पदरात जाते. ओल्या डांबरावर सावरायला जागाच उरत नाही.

दोन दिवसांनी तो मुलगा परवाना घेऊन कार्यालयात आला, गळ्यात हात अडकवलेला. मी टायरबद्दल अवाक्षर काढलं नव्हतं. नुसतं विचारलं, काय झालं?

“साहेब, समोरून ट्रक मधोमध येत होता. मी साइड दिली.”

“मग?”

“चाक खाली गेलं. ओढलं तर गाडी येईना. अजून ओढलं. मग एकदम आली.” थोडं थांबून म्हणाला, “ट्रक गेला होता. त्याच्या मागे हे होते, ते मला दिसलेच नाहीत.”

वेग विचारला. पन्नासच्या आसपास, म्हणाला. जास्तही असेल. भरधाव म्हणजे ताशी किती, हे फिर्यादीत कुणी लिहीत नाही.

मुलाची काहीच चूक नाही असं मी म्हणणार नाही. पहिल्या पावसात रस्त्यावरचं तेल आणि धूळ वर येते, तेव्हा पन्नाससुद्धा जास्त. तीसने असता तर कदाचित सावरला असता. चाक खाली गेलं तर स्टिअरिंग सरळ धरायचं, ॲक्सिलरेटर सोडायचा, वेग उतरू द्यायचा आणि मग सावकाश वर घ्यायचं, हे त्याला माहीत नव्हतं. पण हे त्याला शिकवलं कुणी? परवाना आमच्याच कार्यालयाचा होता. चाचणीत आम्ही आठचा आकडा बघतो, रिव्हर्स बघतो, चढावर थांबवून परत उचलायला लावतो. चाक रस्त्याखाली गेलं तर काय करशील, हे मी एकोणीस वर्षांत एकाही उमेदवाराला विचारलेलं नाही.

त्या रात्री मी जुने अहवाल काढले. त्याच रस्त्यावरच्या, त्याच दोन गावांच्या मधल्या अपघातांच्या गाड्या मी आधी दोनदा तपासल्या होत्या. एक मोटारसायकल, ‘स्लिप होऊन’. एक जीप, ‘चालकाचा ताबा सुटून’. दोन्हींवर माझी सही, दोन्हींत ‘तांत्रिक दोष आढळून आला नाही’. जीपच्या टायरची आतली बाजू मी पाहिली होती का? आठवत नाही. पाहिली नसणार.

अहवालात शेऱ्याच्या जागेत मी पाच ओळी लिहिल्या. टायरच्या खुणा, कडेची मापं, फोटो सोबत जोडल्याचा उल्लेख. ठाण्यातून फोन आला. “साहेब, हे काढता आलं तर बघा. आरोपीच्या वकिलाच्या हातात आयतं कोलीत द्यायचं कशाला?” मी काढलं नाही. आमचा एक सहकारी म्हणाला, रस्ता तपासणं तुझ्या कक्षेत येत नाही. हे खरं आहे, आणि माझं दुखणंही तेच आहे. आता अपघाताची नोंद आयरॅड या सरकारच्या ऑनलाइन अपघात-नोंद प्रणालीवर होते, त्यात रस्त्याची माहिती भरायला रस्त्याच्या खात्याकडेच जाते. स्वतःच्या रस्त्याची कडा सहा इंच आहे हे स्वतःच्या हाताने कोण भरेल? २०१९च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात १९८-अ हे कलम आलं: रस्त्याची रचना, बांधणी, देखभाल ठरलेल्या मानकांप्रमाणे न केल्यामुळे मृत्यू किंवा अपंगत्व आलं तर संबंधितांना एक लाखापर्यंत दंड. माझ्या नोकरीत हे कलम लागलेला कागद एकदाही माझ्यासमोर आलेला नाही. आणि ‘ब्लॅक स्पॉट’, म्हणजे सरकारी व्याख्येनुसार अपघातप्रवण जागा, ठरायला पाचशे मीटरच्या पट्ट्यात तीन वर्षांत मृत्यूचे किंवा गंभीर जखमींचे पाच अपघात व्हावे लागतात, किंवा दहा माणसं जावी लागतात. हा पट्टा त्यात बसत नाही.

केंद्राच्या रस्ते मंत्रालयाच्या अहवालात २०२२ साली देशभरात ४,६१,३१२ अपघात आणि १,६८,४९१ मृत्यू नोंदलेले आहेत. त्यातले सत्तर टक्क्यांहून अधिक मृत्यू अतिवेगाच्या खात्यात. पूर्वी मी व्याख्यानांत हा आकडा छातीठोकपणे सांगायचो. आता तो सांगताना आवारातला टेम्पो आठवतो, कारण हे आकडे ठाण्यांतून, त्याच पाठ झालेल्या वाक्यातून वर जातात.

मी स्वतः पूर्वी पक्का चालकांना दोष देणारा होतो. पुण्याच्या नवले पुलावरून तर मी वाद घातलेत. कात्रजच्या नव्या बोगद्यापासून पुलापर्यंत लांबलचक उतार. डिझेल वाचवायला ट्रकवाले न्यूट्रल टाकतात, इंजिनाचा धाक गेला की सगळा भार ब्रेकवर येतो, ड्रम तापतात, पुलापाशी पाय दाबला तरी गाडी थांबत नाही. २० नोव्हेंबर २०२२ला तिथे एका ट्रकमुळे ४८ गाड्यांचं नुकसान झाल्याच्या बातम्या होत्या. चूक चालकाची, यात मला आजही शंका नाही. पण हीच न्यूट्रलची चूक सपाट रस्त्यावर रोज हजारो जण करतात आणि घरी जेवायला पोहोचतात. तो उतार तीच चूक पोटात घालत नाही. इतकी वर्षं हे मला का दिसलं नाही, हे समजत नाही.

मग वारलेल्या गृहस्थांचा मुलगा आला. विम्याच्या दाव्यासाठी अहवालाची प्रत हवी होती. बाकावर बसून त्याने शेरा दोनदा वाचला. आवाज चढवला नाही.

“साहेब, म्हणजे माझ्या वडिलांना रस्त्याने मारलं?”

मी म्हटलं, तसं मी लिहिलेलं नाही. मला जे दिसलं ते लिहिलं.

“त्या रस्त्याने रोज इतक्या गाड्या जातात. त्यांचं काही होत नाही. याच्याच हातून कसं झालं?”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. कडेची, टायरची, स्टिअरिंगची सगळी माहिती होती, ती बाप गेलेल्या माणसापुढे मांडवेना. चहा सांगितला, तो त्याने घेतला नाही.

संबंधित कार्यालयाला मी मापांसकट पत्र दिलं. सप्टेंबरमध्ये त्या बाजूला काम होतं म्हणून गाडी थांबवून पाहिलं. मुरूम टाकला होता, ट्रॉलीने ओतून नुसता पसरलेला. रोलर फिरलेला नव्हता आणि मधल्या पावसाने निम्मा उसात वाहून गेला होता. टेप लावला, साडेतीन इंच.

उकिडवा बसून वहीत लिहीत होतो, तेवढ्यात विटांचा ट्रक आला, पुन्हा मधोमधच. समोरून स्कूटरवर नवरा-बायको होते. त्याने साइड दिली. पुढचं चाक कडेवरून खाली गेलं, हँडल थरथरलं, बाईने त्याचा शर्ट मुठीत धरला. त्याने दोन्ही पाय खाली सोडले, स्कूटर चरीतून दहा-बारा फूट तशीच घासत नेली आणि जिथे मुरूम शिल्लक होता तिथून हळूच वर काढली. मागे वळून न पाहता दोघं निघून गेले.

मी वहीत वेळ लिहिली, सकाळचे ९.२०, आणि पुढे लिहिलं, ‘दुचाकी, दोन जण, चाक खाली, सावरली’.