लिंबू खाल्ल्याने टाके पिकले नव्हते

पहिल्या सिझरनंतर आठव्या दिवशी माझे टाके उजव्या कोपऱ्यात उसवले. जून २०१९. बाळंतपणाला मी माहेरी, सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी होते. त्वचा जोडायला लावलेल्या धातूच्या पिना काढून एकच दिवस झाला होता. सकाळी धुरीसाठी उठले तर गाऊन ओला लागला. लालसर, वास येणारं पाणी. आईने खोलीत येऊन पाहिलं आणि पहिला प्रश्न विचारला, "काय खाल्लंस तू?"

आदल्या दिवशी मी वरणभातावर लिंबू पिळलं होतं. झालं. आंबटाने टाके पिकतात ही आमच्या घरातली पक्की समजूत, आणि मी सगळ्यांच्या देखत ते लिंबू खाल्लेलं. त्यात माडीवर गेले होते, दोनदा शिंकले होते, बाळाला स्वतः उचललं होतं. पुढचे बावीस दिवस रोज ड्रेसिंग झालं. जखमेत गॉज भरताना मी दातात टॉवेल धरायचे. त्या बावीस दिवसांत घरात येणाऱ्या प्रत्येक बाईला लिंबाची गोष्ट सांगितली गेली. आईच्या मनात वाईट काही नव्हतं, ती घाबरली होती. पण आपल्याच हाताने आपण हे ओढवून घेतलं, बाळाला नीट जवळ घेता येत नाही ते आपल्यामुळेच, हे माझ्या मनात रुतून बसलं ते कायमचंच.

दुसऱ्या वेळी दिवस गेले तेव्हा आम्ही पुण्यात होतो. पहिल्याच भेटीत डॉक्टरबाईंनी विचारलं, "आधीच्या ऑपरेशनच्या नोट्स आहेत?" माझ्याकडे डिस्चार्ज कार्ड होतं. त्यावर सिझरची तारीख, बाळाचं वजन आणि गोळ्यांची नावं. त्या म्हणाल्या, "यावर गर्भाशय कसं कापलं, कसं शिवलं, काहीच नाही. मागवून घ्या. पोटावरचा व्रण आडवा म्हणजे आतला छेदही आडवाच असेल असं धरून चालत नाही."

नोट्स मिळतात हे मला माहीतच नव्हतं. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांप्रमाणे डॉक्टरांनी दाखल रुग्णांची कागदपत्रं तीन वर्षं सांभाळायची असतात आणि रुग्णाने मागितल्यावर ७२ तासांत द्यायची असतात. माझी तीन वर्षं भरायला तेव्हा तीन महिने उरले होते. साधा अर्ज लिहिला आणि नवऱ्याला पाठवलं. दुसऱ्या दिवशी झेरॉक्स हातात आली. ऑपरेशनचं एक पान आणि भूल देणाऱ्या डॉक्टरांचं एक पान.

ती दोन पानं डॉक्टरबाईंनी माझ्यासमोर ओळ न ओळ वाचली. प्रिस्क्रिप्शनच्या पाठीमागे पोटाचे थर काढून दाखवले. त्वचा, चरबी, मग स्नायूंवरचं चिवट आवरण, स्नायू, पोटाच्या आतलं पातळ अस्तर आणि मग गर्भाशय. पोटाचे स्नायू सहसा कापतच नाहीत, मधोमध फाकवून बाजूला करतात, हे मला तेव्हा कळलं. तीन वर्षं मी माझे स्नायू कापलेत या समजुतीने वावरत होते.

माझा छेद फॅननस्टील पद्धतीचा होता. जर्मन डॉक्टर हर्मान फॅननस्टील यांनी तो १९०० साली मांडला. ओटीपोटाखालच्या हाडाच्या वर दोन बोटं, किंचित वळणाचा. डॉक्टरबाईंनी जोएल-कोहेन छेदाबद्दलही सांगितलं. तो थोडा वर आणि सरळ रेषेत असतो. मुळात तो गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियेसाठी होता. जेरुसलेमच्या मिसगाव लादाख रुग्णालयात मायकेल स्टार्क यांनी १९८० च्या दशकात तोच घेऊन सिझरची एक अख्खी पद्धत बसवली. त्वचा कापायची, पण पुढचे थर शक्य तिथे बोटांनी ताणून उघडायचे, आणि परत येताना जे शिवायची गरज नाही ते शिवायचं नाही. ऊती ताणल्या की रक्तवाहिन्या बऱ्याचदा बाजूला सरकतात, तुटत नाहीत. म्हणून रक्त कमी जातं, वेळही कमी लागतो.

मी लगेच विचारलं, "मग माझं त्या पद्धतीने झालं असतं तर टाके उसवले नसते?"

त्यांनी सरळ हो म्हटलं नाही, याचा मला आजही आदर वाटतो. कोरोनिस नावाचा एक मोठा अभ्यास त्यांनी सांगितला. भारतासह सात देश, जवळपास १६ हजार बायका. निकाल २०१३ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आले. पोट बोटांनी उघडायचं की कात्रीने, गर्भाशय बाहेर काढून शिवायचं की आतच, एका थरात की दोन थरांत, पोटाचं आतलं अस्तर शिवायचं की तसंच सोडायचं, दोरा कुठला, हे सगळं त्यात ताडून पाहिलं. सहा आठवड्यांनी पाहिलं तर दोन्ही बाजूंच्या बायकांमध्ये म्हणण्यासारखा फरक नव्हता. तीन वर्षांनी पाहिलं तरी नव्हता.

"म्हणजे पोट कसं उघडलं यावर सगळं खापर फोडू नका," त्या म्हणाल्या, "पण हे बघा." आणि भूलवाल्या कागदावर बोट ठेवलं. अँटिबायोटिकची वेळ बाळ बाहेर आल्यानंतरची होती. पूर्वी नाळ कापल्यावर द्यायची रीत होती, बाळाच्या अंगात औषध जाऊ नये म्हणून. आता त्वचा कापायच्या आधी देतात, कारण त्याने आईला होणारा जंतुसंसर्ग कमी होतो. दुसरी गोष्ट, माझ्या पोटावर दोन सेंटीमीटरपेक्षा जास्त चरबी होती आणि तो थर शिवल्याची नोंद नव्हती. आत पोकळी राहिली की तिथे पाणी साठतं. तिसरी गोष्ट, त्वचेला पिना. त्वचेखालून घातलेल्या टाक्यांपेक्षा पिनांची जखम उसवायचं प्रमाण जास्त असतं. आणि या सगळ्याच्या आधी चौदा तासांच्या कळा, पाणी कधीच गेलेलं, बाळाचे ठोके कमी झाले म्हणून घाईघाईत नेलेलं. अशा सिझरमध्ये संसर्गाचा धोका मुळातच जास्त.

"त्या डॉक्टरांनी तुमचं बाळ वेळेत बाहेर काढलं," त्या म्हणाल्या. ते मला मान्य आहे. माझा मुलगा आज धडधाकट आहे.

मग मी लिंबाचं विचारलं. त्या हसल्या नाहीत. "लिंबाचा आणि टाक्यांचा काही संबंध नाही. तुमचं काहीही चुकलेलं नव्हतं." मी तिथेच रडले. बाहेर पुढच्या पेशंट ताटकळत होत्या, तरी त्यांनी मला रडू दिलं.

नॉर्मलचा प्रयत्न करायची माझी तयारी होती. नोट्सप्रमाणे गर्भाशयाचा छेद खाली, आडवा होता, त्यामुळे त्यांचीही हरकत नव्हती. पण बाळ पायाळू राहिलं, शेवटपर्यंत वळलं नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये, ३९ आठवडे भरल्यावर, ठरवून सिझर झालं.

यावेळी मला प्रत्येक गोष्ट आधी माहीत होती. अँटिबायोटिक टेबलवर घेण्याआधी हातात गेलं. छेद जुन्याच व्रणातून. मागच्या वेळचं काही ठिकाणी आत चिकटलेलं होतं, मूत्राशय वर ओढलं गेलं होतं, त्यामुळे तिथे बोटांनी काम भागलं नाही. कात्रीने जपून सोडवावं लागलं आणि वेळ जास्त गेला. हेही पडद्यापलीकडून मला सांगितलं जात होतं. पहिल्या वेळी शिवताना छातीपर्यंत ओढ बसली होती आणि मी उलट्या केल्या होत्या. त्या पानावर गर्भाशय बाहेर काढून शिवल्याचं लिहिलं होतं. या वेळी ते आतच शिवलं. दाब जाणवला, उलटी झाली नाही. अस्तर तसंच सोडलं, चरबीचा थर शिवला, त्वचेला आतून विरघळणारा टाका.

दोन तासांनी पाणी, संध्याकाळी मऊ खिचडी. पहिल्या वेळी गॅस पास होईपर्यंत दीड दिवस मी सलाईनवर कोरडी होते. दुखण्याची औषधं मी मागायची वाट न बघता घड्याळाप्रमाणे मिळत होती. रात्री लघवीची नळी काढली आणि सिस्टरने धरून संडासापर्यंत चालवलं. कुशीवर वळून, कोपरावर भार देऊन उठायचं, खोकला आला तर पोटाला उशी दाबून धरायची. हे पहिल्या वेळी कुणी शिकवलं असतं तर किती बरं झालं असतं. पाचव्या दिवशी मी मांडी घालून लेकीला पाजत होते. पहिल्या बाळंतपणात मांडी घालायला सव्वा महिना लागला होता.

दुखलं नाही असं नाही. दुसरी रात्र वाईट गेली. व्रणाच्या वरचा तळहाताएवढा भाग अजून बधिर आहे. तिथल्या बारीक नसा दुखावतात आणि काहींच्या पूर्ण भरून येत नाहीत. आणि ठरवून केलेलं, कळांशिवायचं सिझर कुठल्याही पद्धतीने केलं तरी घाईतल्यापेक्षा सोपंच जातं. तेव्हा हा सगळा फरक टाक्यांचा, असं मी कुणालाही सांगणार नाही.

डिस्चार्जच्या आदल्या दिवशी ऑपरेशन नोट्सची प्रत मागून फाइलला लावली. आई डबा घेऊन आली तेव्हा ती दोन्ही बाळंतपणांची पानं शेजारी ठेवून मी तिला वाचून दाखवली. बरेचसे शब्द इंग्रजी, तरी ती चष्मा लावून प्रत्येक ओळीवर माझ्या बोटाबरोबर बोट फिरवत होती. अँटिबायोटिकच्या वेळेशी आल्यावर ती बराच वेळ थांबली. "म्हणजे ते लिंबाने नव्हतं," एवढंच म्हणाली.

मग उठून तिने डबा उघडला, गरम वरणभात ताटलीत काढला, पर्समधून रुमालात बांधलेलं लिंबू काढलं, चिरलं, आणि माझ्या भातावर अर्धं पिळलं.